एकतीस किलोमीटर, तेहतीस मिनिटं

शहराला दोन विमानतळ होते आणि दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नव्हतं. जुना शहराच्या पोटात, घरांच्या गच्च्यांना खेटून. नवा पार पलीकडे, जिथे पूर्वी नुसतं माळरान होतं तिथे. देशातल्या देशात फिरणारी विमानं जुन्यावर उतरायची, परदेशी जाणारी नव्यावरून उडायची. तिकीट विकणाऱ्या यंत्राला मात्र दोन्ही सारखेच. शहर एक, मधे तीन-साडेतीन तासांची फट, शिवाय स्वस्त. लोक आनंदाने तिकीट घ्यायचे, जुन्या विमानतळावर उतरायचे आणि पुढच्या विमानाचं गेट शोधत फिरायचे. ते गेट चव्वेचाळीस किलोमीटर लांब असायचं.

अशा लोकांच्या जिवावर जोडताईचं घर चालायचं. तिचं खरं नाव गाडीच्या परवान्यावर होतं, पण ते वाचायची वेळ फक्त पोलिसांवर यायची. दोन विमानतळ जोडते म्हणून हमालांनी तिला जोडताई केलं, आणि नऊ वर्षांत नवराही फोनवर 'जोडताई आहेत का' असं विचारून आपल्याच विनोदावर हसायला लागला. नवरा बसचा निवृत्त कंडक्टर होता. गुडघे गेल्यामुळे घरी असायचा, स्वयंपाक झकास करायचा आणि बायको उशिरा आली की तिला तिकीट न काढलेल्या प्रवाशासारखं वागवायचा. ती स्वतः बावन्न वर्षांची, ठेंगणी, चष्मेवाली. टॅक्सी घेण्याआधी तिने अकरा वर्षं शाळेची व्हॅन चालवली होती, त्यामुळे रस्त्यावर घाबरायचं असं काही उरलंच नव्हतं.

बाकीचे टॅक्सीवाले दाराशी उभे राहून गिऱ्हाइकाच्या बॅगेला हात घालायचे. जोडताईची तऱ्हा निराळी. ती बाहेरच्या बाकावर बसून काचेतून आतला मोठा बोर्ड आणि बोर्डासमोरची माणसं बघायची. चुकलेला माणूस बोर्ड आधी वरून खाली वाचतो, मग खालून वर, मग खिशातलं तिकीट काढून वाचतो. तो पुन्हा तिसऱ्यांदा बोर्डाकडे वळला की ती उठायची आणि दाराशी जाऊन उभी राहायची. दोन-तीन मिनिटांत कुणीतरी त्याला खरं काय ते सांगायचं आणि तो तोंडचं पाणी पळालेल्या अवस्थेत बाहेर यायचा.

ती घासाघीस करत नसे. विमान किती वाजता, बॅगा किती, एवढं विचारायची आणि मनाशी हिशोब मांडायची. अमुक वाजता उड्डाणपूल, तमुक वाजता बाजार, शाळा सुटायच्या आत की नंतर, नदीवरचा पूल, टोलनाका. मग दोनपैकी एकच वाक्य बोलायची. "पोचवते," किंवा "नाही पोचणार, तिकीट बदलून घ्या." नाही म्हटलेल्या माणसाने दुप्पट पैसे देऊ केले तरी त्याला गाडीत घ्यायची नाही. रांगेतले लोक याला तिचा माज म्हणायचे. पण पोचवते म्हटल्यावर ती नऊ वर्षांत दोनदाच चुकली होती. एकदा पुलाचा सांधा निखळला होता, आणि एकदा प्रवाशाला वाटेत तीन वेळा गाडी थांबवावी लागली होती. ही दुसरी चूक ती आपल्या नावावर धरत नसे.

त्या शुक्रवारी दुपारी दोन वाजता बोर्डासमोर एक बाई उभी होती. पस्तिशीची असेल. खांद्याला कपड्यांची पिशवी आणि पायाशी लाकडी पेटी, कडीकोयंड्याची, दोरीने दोनदा आवळलेली. ती बोर्ड तिसऱ्यांदाच काय, सहाव्यांदा वाचत होती. जोडताई दाराशी जाऊन थांबली. पण ही बाई बाहेर येईना. ती चौकशीच्या खिडकीशी गेली, तिथल्या माणसाला फोन दाखवला, त्याने मान हलवली, तिने पुन्हा दाखवला. शेवटी त्याने हात वर करून दाराकडे बोट दाखवलं.

बाहेर आल्यावर तिने तोच फोन जोडताईसमोर धरला आणि नव्या विमानतळाला जाणारं विमान कुठे मिळतं ते विचारलं. जोडताईने चष्मा वर सरकवून वाचलं. दोन विमानतळांमधलं अंतर सांगणारं ते कुठलंसं पान होतं. वर एका विमानतळाचं नाव, खाली दुसऱ्याचं, मधे एक गोजिरवाणं विमान. अंतर, हवाई मार्गाने, एकतीस किलोमीटर. विमानप्रवासाला लागणारा वेळ, तेहतीस मिनिटं.

नऊ वर्षांत तिने नाना तऱ्हेची चुकलेली माणसं पाहिली होती, पण हा प्रकार नवा होता. बाईने तिकीट काढताना सगळं नीट वाचलं होतं. विमानतळ दोन आहेत हे तिला ठाऊक होतं. म्हणून तर तिने त्या पानावर दोन्ही नावं घालून पाहिली, तेहतीस मिनिटं हे उत्तर मिळालं, आणि तिकडच्या तिकडे तिकीट काढून बसू, असं ठरवून ती निश्चिंत झाली. यंत्राला अंतर विचारलं, त्याने अंतर सांगितलं. तिथे विमान जातं का, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. विमान पुरतं वर चढायच्या आत उतरायला लागेल इतक्या जवळच्या गावाला कुणी विमान सोडत नाही, हे पहिल्यांदाच विमानात बसलेल्या माणसाने कुठून जाणावं? नसलेलं विमान शोधण्यात तिचा पाऊण तास गेला होता.

जोडताईने नेहमीचे प्रश्न विचारले. विमान चार पंचवीसला. सामान घ्यायची खिडकी तासभर आधी बंद होते, म्हणजे तीन पंचवीस. आत्ता दोन वाजून पाच. शुक्रवार, त्यात कारखान्याची पाळी तीनला सुटणार. तिच्या डोक्यात पूल, बाजार आणि टोलनाका आपापल्या जागी बसले आणि उत्तर एक तास पस्तीस मिनिटं आलं. तीन चाळीस.

"नाही पोचणार," ती म्हणाली. "इथल्याच खिडकीवर उद्याचं तिकीट करून घ्या."

बाई रडली नाही, भांडलीही नाही. तिने पिशवीतून प्लास्टिकच्या आवरणातला एक कागद काढला आणि त्यावरच्या एका तारखेवर बोट ठेवलं. परदेशी प्रवेशाचा परवाना होता तो. आज रात्री बारापर्यंत तिकडच्या जमिनीवर पाऊल पडायला हवं होतं, नाहीतर कागद बाद. तिचा नवरा तिकडे गॅरेजमध्ये होता. त्याच्याबरोबर मुलीचाही परवाना आला, हिचा मात्र कुठल्याशा टेबलावर अडकला. महिन्याभरात येईल म्हणाले म्हणून तिने मुलीला शाळेसाठी पुढे पाठवलं. महिन्याची चार वर्षं झाली. मुलगी गेली तेव्हा पाच वर्षांची होती, आता नऊची. परवाना हातात आला तोही मुदत संपायला सहा दिवस उरले असताना, आणि परवडेल असं हे एकच तिकीट होतं. चार वर्षांच्या अर्जांनंतर पुन्हा पहिल्यापासून अर्ज करायचा, एवढंच ती म्हणाली आणि कागद घडीवर घडी घालून परत ठेवला.

जोडताईने पुन्हा हिशोब मांडला. रस्ता तर बदलणार नव्हता. तिचं लक्ष पायाशी असलेल्या पेटीकडे गेलं.

"यात काय आहे?"

शिवणयंत्र होतं. नुसतं वरचं यंत्र, चौदा किलो, तिच्या आईचं. ती बाई स्वतः शिंपीण होती, वीस वर्षं याच यंत्रावर तिने ब्लाऊजपासून शाळेच्या गणवेशांपर्यंत सगळं शिवलं होतं. तिकडे जाऊन नवऱ्याच्या पगारावर बसून खायचं नाही, दुसऱ्याच दिवशी दारावर पाटी लावायची, असं तिने ठरवलं होतं.

जोडताईला एवढं माहीत होतं की सामान द्यायचं नसेल तर खिडकीशी जावंच लागत नाही. फोनवरच पास काढायचा आणि सरळ आत शिरायचं. परवाना मग गेटवरही बघतात. गेट चार वाजून पाच मिनिटांनी बंद. तीन चाळीसला दारात सोडलं तर उरतात पंचवीस मिनिटं, आणि तपासणीच्या रांगेत एखादा दयाळू माणूस भेटला तर तेवढी पुरतात. भेटलाच नाही तर पुरत नाहीत.

"पेटीसकट नाही पोचणार," ती म्हणाली. "पेटीशिवाय... कदाचित."

कदाचित हा शब्द ती धंद्यात पहिल्यांदाच बोलली, आणि बोलल्यावर तिला स्वतःचाच राग आला. कारण या शब्दाला ना हो म्हणता येतं ना नाही. शिंपिणीने पेटीच्या दोरीत बोटं अडकवली आणि म्हणाली, आधी निघू या, रस्ता मोकळा मिळाला तर पेटीचंही जमेल. रस्ता मोकळा मिळणार नाही हे जोडताईला पक्कं ठाऊक होतं. तरी वाद घालण्यात मिनिटं गेली असती, म्हणून तिने दार उघडलं. पेटी डिकीत ठेवायला शिंपीण तयार होईना. ती मांडीवर घेऊन बसली, आणि गाडी दोन वाजून दहा मिनिटांनी निघाली.

उड्डाणपूल यायच्या आत जोडताईने शिंपिणीला आपला फोन नंबर दिला आणि तिचा घेतला. बाजारापाशी एका हातगाडीवाल्याने वाट अडवली तेव्हा व्हॅनच्या काळातला ठेवणीतला आवाज काढून तिने त्याला बाजूला केलं. शिंपीण बोलत होती. मुलगी फोनवर सगळं सांगते, कुठला दात पडला, कुठल्या मैत्रिणीशी कट्टी आहे. पण अलीकडे फोन लवकर ठेवते, अभ्यास आहे म्हणते. तिच्या बोलण्यात तिकडचे शब्द यायला लागलेत आणि त्यातले निम्मे आपल्याला कळत नाहीत. कळल्यासारखं दाखवून हसायचं. हे सांगताना ती खरोखरच हसली, आणि जोडताईला ते हसू बघवेना, म्हणून तिने आरशातून नजर काढून घेतली.

नदीच्या पुलावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. तीन वाजून चार मिनिटं. निम्मा रस्ताही झाला नव्हता. आता बोललं नाही तर उशीर होईल, हे कळून जोडताईने गाडी न्यूट्रलला टाकली आणि मागे वळून बघितलं.

"हे बघा, खिडकी गेली. ती आता धरूच नका. फोन काढा आणि पास काढा. पुढे चढण आहे, तिथे सिग्नल मिळत नाही."

शिंपिणीने फोन काढला नाही. पेटीवर हात फिरवत राहिली. "आईने मरताना हे एकच दिलं होतं मला," ती म्हणाली. "याच्याशिवाय मी तिकडे जाऊन कोण?"

उपदेश करणं जोडताईला कधी जमलं नव्हतं. लोकांना मिनिटं सांगण्यापलीकडे तिने फारसं काही सांगितलंच नव्हतं. पुढची गाडी दोन हात सरकली, हीही सरकली.

"ते तुम्हालाच ठाऊक," ती शेवटी म्हणाली. "मला एवढंच कळतं की यंत्र उद्याही पाठवता येतं. तुम्हाला उद्या पाठवता येत नाही."

मागून फोनची कळ दाबल्याचा आवाज आला. पुढची दहा मिनिटं गाडीत नुसती धांदल उडाली. आडनाव आधी की नाव आधी, परवान्याचा नंबर कुठला, शून्य आहे की ओ आहे, आणि खिडकीजवळच्या जागेला जास्तीचे पैसे का मागतायत. मधली घ्या, जोडताई ओरडली, ढग काय कुठूनही दिसतात. पास फोनवर उमटला तेव्हा चढण सुरू झाली आणि सिग्नल गेला. शिंपिणीने पेटी मांडीवरून उचलून शेजारच्या सीटवर ठेवली, आणि मग पदराने तोंड झाकून घेतलं. जोडताईने आरसा खाली वळवला आणि गाडी चौथ्यात टाकली.

टोलनाक्यावरच्या पोरीने ओळखीचं हसून आडकाठी आधीच वर केली. तीन अडतीसला गाडी नव्या विमानतळाच्या दाराशी लागली. शिंपीण उतरली, भाड्याचे पैसे काढायला लागली, त्यातली नाणी पडली आणि ती उचलायला वाकली. जोडताईने तिच्या दंडाला धरून तिला उभं केलं.

"राहू दे गं ते. पळ. डावीकडची रांग घे, उजवीकडे सगळे कुटुंबवाले असतात. गेट बंद होतंय म्हणून मोठ्याने सांग, लाजू नको. आणि पोचलीस की फोन कर."

शिंपिणीने पेटीच्या झाकणाकडे बोट केलं. तिथे कागद चिकटवलेला होता, त्यावर नवऱ्याचा पत्ता आणि नंबर. मग ती काचेच्या दारातून आत पळाली, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात परवाना वर धरलेला, आणि गर्दीत दिसेनाशी झाली.

तिथे थांबू देत नाहीत. जोडताईने पार्किंगमध्ये गाडी लावली, तासाभराचे पैसे फुकट घालवले, आणि चार पंचवीसपर्यंत दाराकडे बघत बसली. परत बाहेर येताना कुणी दिसलं नाही. पण दारं सहा होती आणि तिला दिसत होती दोन. चार तीसला तिने शिंपिणीला फोन लावला. बंद. विमानात बसली असेल तरी बंद आणि आत कुठेतरी बाकावर रडत बसली असेल तरी बंद, त्यामुळे त्या बंदचा काही उपयोग नव्हता. जुन्या विमानतळावर परतल्यावर रांगेतल्यांनी विचारलं, पोचवलंत का? तिला नऊ वर्षांत पहिल्यांदा उत्तर देता आलं नाही.

घरी तिने पेटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. नवऱ्याने आधी, आता शिवणकामही का, असं विचारलं. सगळी हकिकत ऐकल्यावर मात्र त्याने टेबल पुसून पेटी मधोमध सरकवली. चार तास पंधरा मिनिटं उड्डाण, एकोणतीसशे किलोमीटर, तिकडचं घड्याळ दोन तास मागे. त्याने एका कागदावर मांडून दाखवलं की विमान आपल्या घड्याळाने आठ चाळीसला उतरेल, बारा वाजायला तिकडे भरपूर वेळ असेल. उतरलं तर. नऊ वाजले, दहा वाजले, फोन आला नाही. नवरा म्हणाला, चार वर्षांनी भेटलेली माणसं टॅक्सीवाल्या बाईला फोन करतात का? जोडताईला ते पटलं, पण चैन काही पडेना. आपण त्या कदाचितच्या भरीला पडलो नसतो तर निदान यंत्र तरी तिच्यापाशी राहिलं असतं, हाच विचार डोक्यात राहिला.

सकाळी दहा वाजता तिला राहवेना. तिकडे आठ वाजले असतील, शनिवार आहे, असा विचार करून तिने पेटीवरचा नंबर फिरवला. बराच वेळ घंटी वाजली. मग कुणीतरी उचलला आणि अगदी हळू आवाजात हॅलो म्हटलं. लहान मुलीचा आवाज होता.

जोडताईने विचारलं, बाळा, तुझे बाबा आहेत का? बाबा दूध आणायला गेले होते. मग धीर करून तिने दुसरा प्रश्न विचारला.

"आई आलीय," मुलगी म्हणाली. "झोपलीय. तुम्ही टॅक्सीवाल्या आजी आहात का?"

आजी म्हटल्याचा जोडताईला राग यायला हवा होता. तिने नवऱ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि तो खुर्चीत टेकला. मुलगी कुजबुजत भराभर सांगत होती. आई सगळ्यात शेवटी बाहेर आली. आईने तिच्यासाठी फ्रॉक शिवून आणला होता, तो गुडघ्याच्या कितीतरी वर गेला. आई म्हणाली मी तुला मनात एवढीच ठेवली होती. मग आईने त्याची टीप उसवली, दुमड सोडली आणि हाताने परत शिवत बसली. मशीन असतं तर दहा मिनिटांचं काम म्हणाली, पण बाबा म्हणाले, ती मुद्दाम सावकाश शिवतेय.

जोडताईने चष्मा काढून पुसला. मशीन सुखरूप आहे, सोमवारी कार्गोच्या ऑफिसात जाऊन रवाना करते, एवढं आईला सांग, असं ती म्हणाली.

"आत्ताच सांगू? उठवू का तिला?"

"नको गं, झोपू दे. पण तू इतकी हळू का बोलतेस? दुसऱ्या खोलीत जाऊन बोल ना."

"जाता येत नाही," मुलगी म्हणाली. "तिने माझा हात धरून ठेवलाय."

"मग फोन कसा उचललास?"

"दुसऱ्या हाताने."

जोडताईने बरं म्हटलं आणि तिचा तो दुसरा हात मोकळा व्हावा म्हणून फोन ठेवून दिला.